गाडी तापल्यानं बंद पडते की अंतरानं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याचे एक भाऊ हिंगणा एमआयडीसीत दुपारच्या पाळीला जातात. गाडी २०१३ची, १२५ सीसी, कार्बोरेटरवाली, ५८ हजार किलोमीटर झालेली. घरून एका सेल्फमध्ये चालू होते, छत्रपती चौकापर्यंत मस्त पळते. प्रताप नगर ओलांडलं की झटके द्यायला लागते, रेस पिळली तरी उचलत नाही, आणि हिंगणा टी-पॉइंटच्या आसपास बंद पडते. पंधरा-वीस मिनिटं झाडाखाली उभी केली की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. आतापर्यंत नवा प्लग, नवा एअर फिल्टर, दोनदा कार्बोरेटर सफाई झाली, पेट्रोल भरायचा पंपही बदलून पाहिला. आता मेकॅनिक म्हणतो, "इंजिन बसलं, बोअर-पिस्टन टाका." भाऊ विचारतात, टाकू का?

नका टाकू. निदान अजून आठवडाभर तरी नका टाकू.

पिस्टनच्या घासलेल्या रिंगा पंधरा मिनिटांत बऱ्या होत नाहीत. बोअर गेलेली गाडी सकाळीच जड चालू होते, सायलेन्सरमधून निळा धूर काढते, ऑइल पिते आणि चढावर रोज थोडी थोडी कमी ओढते. तुमची गाडी पहिले सहा किलोमीटर मस्त पळते आणि उभी केली की पुन्हा मस्त पळते, म्हणजे झिजून गेलेलं काही नाही. काहीतरी वाटेत अडतंय आणि थांबल्यावर सुटतंय. ते काय, हे शोधायचं आहे. खात्री हवी असेल तर प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाका, प्लग परत बसवा आणि किक मारून बघा. किक आधीपेक्षा खूप घट्ट लागली तर रिंगांवर संशय घ्या. फरक पडला नाही तर बोअर-पिस्टनचा विषय बंद.

सक्करदऱ्यात माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. एप्रिल-मे आला की अशा गाड्या रोज येतात आणि प्रत्येक जण म्हणतो, "भाऊ, गाडी गरम होऊन बंद पडून राहिली." मी पहिलं हेच विचारतो, की ती तापल्यानं बंद पडते की अंतरानं? लोक माझ्याकडं बघत राहतात. पण आठ किलोमीटर गेल्यावर गाडी तापलेली असते आणि आठ किलोमीटरचं पेट्रोलही जळालेलं असतं. दोन्ही गोष्टी एकदम घडतात, म्हणून माणूस दोष उन्हाला देतो. नागपूरचं ऊन आहेच तसं, त्याच्यावर काहीही खपतं.

२०१३च्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. त्या वर्षी २३ मेला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. सिमेंटच्या रस्त्यावर चप्पल चिकटत होती. उमरेड रोडकडून दूध घालायला येणारा एक गिऱ्हाईक होता, त्याची गाडी शहरात शिरली की बंद पडायची. तक्रार अगदी तुमच्यासारखीच. मी कार्बोरेटर खोलला, साफ केला, दुसऱ्या गाडीचा सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा डबा) लावून पाहिला, कॉइल बदलली. चालवून पाहिली तर बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो, एक झटका नाही. त्याला दिली की दुसऱ्या दिवशी फोन: "बंद पडली." असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो गाडी घेऊन आला तेव्हा मी जरा चिडूनच टाकीवरचं रेग्झिनचं कव्हर ओढून काढलं आणि हात तिथंच थांबला. हे कव्हर मी प्रत्येक वेळी टाकी उतरवण्यासाठी काढत होतो आणि ट्रायलला कव्हरशिवाय जात होतो. तो मात्र घेऊन जाताना घालायचा. मांड्या भाजू नयेत म्हणून घेतलेल्या त्या कव्हरला पेट्रोलच्या झाकणावर एक पट्टी होती. ऊन लागलं की रेग्झिन मऊ पडून झाकणाला चिकटायचं आणि झाकणाचं हवेचं भोक बंद व्हायचं. माझे दोन दिवस आणि त्याचं दूध दोन्ही नासलं. पैसे घेतले नाहीत, घ्यायला तोंडही नव्हतं.

मोटारसायकलमध्ये, म्हणजे जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत, पेट्रोल ढकलायला पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल स्वतःच्या वजनानं उतरतं. जितकं पेट्रोल उतरलं तितकी हवा झाकणातून आत यायला हवी. नाही आली तर बाटली उलटी धरल्यावर जसं पाणी गुळगुळ करत अडतं तसं होतं. हिशेब सोपा आहे. ताशी ५० चा वेग आणि लिटरला ५० चं ॲव्हरेज धरलं तर गाडी तासाला एक लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला १७ मिलिलिटरच्या आसपास. टाकीतल्या पेट्रोलची पातळी कार्बोरेटरपेक्षा वीतभर उंच असते. त्या वीतभर पेट्रोलचा जोर हवेच्या दाबाच्या दीड टक्क्याइतकाही भरत नाही. टाकीत पाच लिटर जागा रिकामी असेल आणि हवा अजिबात येत नसेल, तर साधारण ७५ मिलिलिटर पेट्रोल उतरलं की आतली ओढ त्या वजनाला पुरून उरते आणि धार थांबते. हे झाले चार-एक किलोमीटर. त्यानंतर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, जे उरलं त्यावर गाडी आणखी किलोमीटर-दोन किलोमीटर रडत-खडत जाते. भोक पूर्ण बंद नसून अर्धवट चोंदलेलं असेल तर अंतर थोडं वाढतं. मानेवाडा ते हिंगणा टी-पॉइंट साताठ किलोमीटर आहे, आता तुम्हीच जुळवून बघा. उभी केल्यावर पंधरा मिनिटांत त्याच चोंदलेल्या भोकातून हवा हळूहळू आत जाते आणि गाडी शहाणी होते.

यातून एक खूण मिळते जी फार कमी लोक तपासतात. टाकी फुल्ल असताना गाडी लवकर बंद पडते आणि रिझर्व्हच्या जवळ असताना उशिरा, असं होतं का? फुल्ल टाकीत रिकामी जागा कमी, त्यामुळं ओढ लवकर तयार होते. असं होत असेल तर नव्वद टक्के काम झालं समजा, झाकणच उघडा.

आता रस्त्यावर काय करायचं ते सांगतो. बंद पडतानाचे दोन मिनिट सोन्याचे असतात. लोक ते किका मारण्यात घालवतात, आणि माझ्याकडे गाडी येते तेव्हा ती थंड होऊन साळसूद झालेली असते.

आधी आठवा, बंद पडली ती कशी? चावी फिरवल्यासारखी एका झटक्यात गेली, की झटके देत, दम तोडत गेली? एका झटक्यात जाते ती बहुतेक करंटची भानगड असते. दम तोडत जाते ती पेट्रोलची. तुमच्या सांगण्यावरून तुमची दुसऱ्या प्रकारची वाटते, पण ठामपणे लिहिलेलं नाही म्हणून विचारतो. दुसरं, झटके सुरू झाले की चालत्या गाडीत चोक अर्धा ओढून बघा. थोडा वेळ सावरली तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. आणखीच बिघडली तर पेट्रोल कमी नाही, उलट जास्त येतंय किंवा करंट जातोय.

गाडी कडेला घ्या, चावी बंद करा, आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना बघा, आणि टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला म्हणून लगेच निकाल लावू नका. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत वाफ साचून आतून बाहेरही फुस्स होतं. हवा बाहेर आली की आत गेली ते बघायचं. झाकण किलकिलं करताना कडेला पातळ पन्नीचा तुकडा धरला तर तो आत ओढला जातो की उडतो ते दिसतं. आत ओढला गेला तर चोर सापडला. झाकण परत लावा, अर्धा मिनिट थांबा म्हणजे फ्लोट चेंबर भरेल, आणि सेल्फ मारा. पंधरा मिनिटं न थांबता चालू झाली आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर गेली, तर बाकी काही शोधायचं नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक भोक असतं, चावीच्या खाचेभोवती धूळ आणि पॉलिशचा मेण बसून ते बुजतं. रॉकेल किंवा कार्ब क्लीनरनं भिजवा, तोंडानं फुंकून हवा जाते का बघा. झाकण खोलून बसला असाल तर त्यातल्या बारीक गोळ्या-स्प्रिंगा हरवू नका. गाडी धुताना प्रेशरचं पाणी थेट झाकणावर मारणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

झाकण ठीक निघालं तर त्याच जागी, त्याच वेळी, फ्लोट चेंबरच्या तळाचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करा आणि जे येईल ते काचेच्या किंवा पारदर्शक बाटलीत धरा. इंजिन तापलेलं असतं, पेट्रोल त्यावर सांडू देऊ नका. काहीच आलं नाही, थेंबथेंबच आलं, तर पेट्रोल वरून पोहोचत नाही. कॉकमधली (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतली) जाळी, टाकीतला गंज, नळीतली मुडप, फ्लोटची निडल, या क्रमानं बघा. नळी हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) टेकलेली असेल तर तीही सरकवून क्लिप लावा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तापलेल्या हेडला चिकटलेल्या नळीत पेट्रोलचे बुडबुडे होतात. भरभरून आलं आणि बाटलीच्या तळाशी वेगळा थर बसला, तर पाणी आहे.

पाण्यावरून आठवलं. २०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीचा तळ म्हणजे बरोबर कॉकची जागा. महिनाभर उभी राहिलेली गाडी पावसाळ्यात पहिल्या दिवशी मिसिंग मारते त्याचं हे एक कारण. जुन्या गाडीला या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस उघडताना एखादा गचका बसतो, स्लोला, म्हणजे रेस सोडल्यावर, धरत नाही. स्लोचा मिक्श्चर स्क्रू पाव ते अर्धा फेरा फिरवून बहुतेक सुधारतं. पण पातळ मिश्रण घरापासूनच त्रास देतं, प्रताप नगरची वाट बघत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत मी इथेनॉलला आरोपी करत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणोत.

कार्बोरेटर दोनदा साफ झाला म्हणता. एक विचारा: जेटमध्ये (पेट्रोल मापानं सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) तार घातली होती का? जेट पितळेचं असतं, मऊ. तारेनं भोक घासलं की माप बदलतं आणि मग ती गाडी कधीच पूर्वीसारखी चालत नाही. हवेनं फुंकायचं, नाहीतर नायलॉनचा दोरा. तार घालणारा हात दिसला की गाडी उचलून घरी न्या.

समजा पेट्रोल भरपूर येतंय. मग करंट. प्लग पाना आणि एक जुना चालू प्लग सीटखाली ठेवायला काही लागत नाही. बंद पडली की प्लग कॅप काढा, कॅपमध्ये तुमचा सुटा प्लग लावा, त्याची लोखंडी आट्यांची बाजू हेडला पक्की टेकवा आणि सेल्फ मारा. मूळचा प्लग जागेवरच राहू द्या, म्हणजे त्या भोकातून पेट्रोलची वाफ ठिणगीपर्यंत येणार नाही. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, लुळी असेल किंवा नसेल तर धागा मिळाला. मात्र एक फसगत आहे. उघड्या हवेत ठिणगी उडणं सोपं असतं, इंजिनच्या आत दाबाखाली ती उडायला जास्त जोर लागतो. त्यामुळं बाहेर ठिणगी दिसली म्हणजे कॉइल निर्दोष सुटली असं नाही. ठिणगी नसेल तर मात्र दोष नक्की करंटमध्येच. सगळ्यात आधी कॅप. ती फिरवून काढा, वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून पुन्हा फिरवून बसवा, कितीदा तरी एवढ्यावरच भागतं. बहुतेक कॅपांत पाच हजार ओहमचा रेझिस्टर असतो, मीटर त्याच्या कितीतरी पुढं दाखवत असेल तर कॅप टाकून द्या.

गरमीनं जाणारी खरी वस्तू म्हणजे मॅग्नेटजवळची पिकअप कॉइल. ती मॅग्नेट कव्हरच्या आत, इंजिनच्या उष्णतेत बसलेली असते. आतली केसासारखी तार एखाद्या जागी तुटत आलेली असते. थंड असताना टोकं टेकून राहतात, तापली की फाकतात आणि सीडीआयला इशारा जाणं बंद होतं. थंड झाली की पुन्हा टेकतात. म्हणून गॅरेजमध्ये ती नेहमी पास होते. थंड गाडीवर मल्टीमीटर लावून "कॉइल ओके" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. थंड असताना ओहम मोजून लिहून ठेवा, मग बंद पडलेल्या क्षणी तोच कनेक्टर काढून पुन्हा मोजा. जमत नसेल तर मॅग्नेट कव्हर काढून हेअर ड्रायरनं कॉइल तापवा आणि आकडा बघत रहा. तांब्याचा रोध तापल्यावर वाढतोच, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. त्यामुळं थंड असताना २०० ओहम होता आणि साठ अंशांनी तापवल्यावर २४८ झाला तर ते नैसर्गिक आहे, घाबरू नका. पण आकडा उड्या मारायला लागला किंवा सर्किट तुटल्याचं दाखवलं तर कॉइल बदला. याच वेळी किल स्विच, साइड स्टँडचा स्विच असेल तर तो, आणि बॅटरीची अर्थ वायर हलवून बघा. आमच्याकडची धूळ या स्विचांची दुश्मन आहे.

टॅपेटबद्दल, म्हणजे वॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाच्या फटीबद्दल, एक शब्द, कारण गरम झाल्यावरच त्रास देणारी इंजिनातली ही एक गोष्ट आहे. टॅपेट फार आवळलेले असतील तर तापल्यावर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, स्लोला गाडी मरते आणि किक मोकळी लागते. थंड झाली की किक परत भरते. 'टॅपेटचा आवाज येतो' म्हणून गिऱ्हाईक आवळायला लावतो आणि मेकॅनिक त्याला खूश करतो, तेव्हा हे घडतं. थोडा टकटक आवाज करणारा टॅपेट बरा. रात्रभर थंड झालेल्या गाडीवर, मॅग्नेटवरची 'टी' खूण जुळवून, फिलर गेजनं (पातळ पट्ट्यांच्या मापानं) फट मोजायची. तुमच्यासारख्या गाड्यांत इनटेकला ०.०८ मिलिमीटरच्या आसपास आणि एक्झॉस्टला ०.१२च्या आसपास असतं, तरी गाडीच्या पुस्तकातला आकडा तोच खरा. अंदाजानं 'एवढा ठीक आहे' म्हणणाऱ्याला गेज विचारा.

नव्या प्लगचा रंग बघितलात का? आठवडाभर चालवल्यावर बिस्किटी असेल तर मिश्रण बरोबर. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल जळतंय. झटके सुरू असतानाच इंजिन बंद करून काढलेला प्लग खरं बोलतो. दहा मिनिटं स्लोवर फटफटत ठेवून काढलेला खोटं बोलतो.

एअर फिल्टर नवा आहे, तो सोडा. फक्त तेल लावलेला कागदी फिल्टर असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला तो हवेनं साफ करू देऊ नका, बदलायचाच असतो. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं मी दोनदा पाहिलंय, पण रोज चालणाऱ्या गाडीत ते होत नाही. आणि हो, गाडी डबल स्टँडला लावून मागचं चाक हातानं फिरवून बघा. ब्रेक घासत असेल तर सहा-सात किलोमीटरमध्ये ड्रम इतका तापतो की गाडी ओढत नाही आणि लोक इंजिनला शिव्या देतात. ड्रमला हात लावताना जपून.

तर दुपारी जाताना बंद पडते हे तुम्ही लिहिलं, पण रात्री अकराला पाळी संपवून परत येताना काय होतं ते लिहिलं नाही. माझ्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. रात्री ऊन नसतं, पण अंतर तेवढंच असतं. रात्रीही त्याच सहा-सात किलोमीटरवर झटके येत असतील तर झाकण आणि पेट्रोलची वाट बघा, कॉइलवर पैसे घालू नका. रात्री मानेवाड्यापर्यंत गुमान येत असेल आणि फक्त दुपारीच मरत असेल तर पिकअप कॉइल, कॅप आणि टॅपेट, याच क्रमानं. आज रात्रीच बघा, उद्या टाकी फुल्ल करून एकदा बघा, चोक ओढल्यावर काय झालं ते लक्षात ठेवा आणि या तीन गोष्टी कळवा.

टाकीवर रेग्झिनचं कव्हर असेल तर मात्र कळवायच्या आधी ते काढून एक दिवस जाऊन या. मांड्या भाजतील, जुना टॉवेल टाकून बसा, पण झाकणावर नको.